धानोऱ्याच्या गाडीत पुस्तक

प्रवासात वाचायला म्हणून पुस्तकं नेणाऱ्या माणसांची एक जात असते आणि मी त्या जातीचा आजीव सभासद आहे. या माणसांची बॅग आधी पुस्तकांनी भरते, उरलेल्या फटीत कपडे कोंबले जातात आणि टॉवेल घरी राहतो. वाचन किती होतं, हे विचारायचं नसतं. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले आणि नेमके १८५७च्या बंडात सापडले. वाटेत निवांत वाचत बसायची सोय झाली असती, तर ‘माझा प्रवास’ बहुधा चार पानांत आटोपला असता.

गडचिरोलीच्या बसस्थानकावर माझ्या पुस्तकांना पहिलं काम मिळालं ते जागा धरण्याचं. धानोऱ्याची गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या आत पडू लागल्या. रुमाल सरकवता येतो. साडेचारशे पानांची कादंबरी सरकवायला माणूस कचरतो, अशी माझी समजूत. मी ती खिडकीतून आत टाकली आणि दारातून घुसलो. पोचलो तेव्हा कादंबरी जागच्या जागी होती. तिच्यावर एक आजी बसल्या होत्या.

“माय, ते पुस्तक...”

“असू द्या जी,” त्या म्हणाल्या. “पत्रा गार लागते.”

मग त्या सरकल्या, मी टेकलो, आणि कादंबरी मी उतरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. मराठी साहित्यानं समाजाला ऊब द्यावी, असं समीक्षक नेहमी म्हणतात. कंडक्टर आले. आजींचं हाफ तिकीट, माझं फुल आणि पलीकडच्या आजोबांचं फुकट. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२च्या ऑगस्टपासून एसटीत तिकीट नाही, बायकांना २०२३च्या मार्चपासून निम्मं. गाडीत पूर्ण पैसे मोजणारे आम्ही मोजके पुरुष एकमेकांकडे ओशाळून बघत होतो.

“कुठी जाता जी?” आजोबांनी विचारलं.

“धानोऱ्याला. तुम्ही?”

“मीबी तिकडंच. च्या घ्याले.”

“चहा? गडचिरोलीत मिळत नाही?”

“भेटते ना. पन तो पायी जाऊन घ्या लागते.”

सरकारनं गाडी फुकट केल्यापासून आजोबा रोज कुठंतरी जातात. काम काहीच नसतं. कधी वडसा, कधी आरमोरी, कधी चामोर्शी. वडशाला रेल्वे दिसते, म्हणून तो दिवस खास. “आमी जलमलो तवा हा चांदा जिल्हा होता. गडचिरोली ८२ साली आमच्या डोयासमोर जिल्हा झाली. आता जिल्हा झाला त पाहा नाई लागे का, केवढा हाये?” हा प्रश्न मी जिल्हा नियोजनाच्या एकाही अहवालात वाचलेला नाही.

गाव मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जंगल आलं. मी डॉ. राणी बंग यांचं ‘गोईण’ उघडलं. इथल्या बायका झाडांना कशा ओळखतात, कुठलं झाड कशाला वापरतात, कुणाशी मैत्रीण म्हणून बोलतात, हे त्या बायकांनीच सांगितलेलं त्यात आहे. पुढं चातगावला बंग यांच्या संस्थेचं ‘शोधग्राम’ लागणार होतं, तेव्हा निवड अगदी चपखल होती. दोन ओळी वाचल्या असतील, आजींनी पुस्तकात डोकं घातलं.

“का हाये यात?”

“झाडांची माहिती आहे.”

“कोन्ती झाडं?”

“मोह, तेंदू, ऐन...”

आजींनी माझी हनुवटी दोन बोटांनी धरून खिडकीकडे वळवली. “थो मोह. थो येन. थो धावडा. आता गेला पाहा, बिजा होता.” एसटी ताशी चाळीसच्या वेगानं जात होती आणि आजी त्याहून वेगानं. तेंदूपत्ता तोडायला मे महिन्यात त्या कुठं जातात, मोह वेचायला पहाटे किती वाजता उठावं लागतं, कुठल्या झाडाखाली कुणाशी भांडण झालं आणि ते अजून का मिटलं नाही, हे सगळं चातगाव यायच्या आत मला कळलं. पुस्तकाचं पान तेच होतं. भांडण मात्र पुस्तकात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात रंगतदार भाग तोच होता.

दिवाळी होऊन गेली होती, त्यामुळे वाचण्यासारखा दुसरा मजकूर भिंतींवर होता: इकडच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, नाटकांची पोस्टरं. धान कापणीला आलं की वडशाच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात आणि होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. पोस्टरवर कुंकू, काळीज, सासर आणि सूड यांपैकी निदान दोन गोष्टी असाव्यात असा दंडक दिसला. आजोबा प्रत्येक पोस्टर मोठ्यानं वाचत आणि खाली शेरा मारत: “पायलं.” “हेबी पायलं.” “हे पायलं, पन अर्ध्यात झोप लागली. दुसऱ्या गावी जाऊन उरलेलं पायलं.”

धानोऱ्याच्या अलीकडे तीनेक किलोमीटरवर मेंढा लागतं. मी आधी तिथं उतरणार म्हणताच आजोबा म्हणाले, “तिथं जपून बोला जी. थे वाचतेत.”

ते खरं होतं. शंभराच्या आसपास घरांचं हे गोंड गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेसाठी सर्वांना माहीत आहे. पण घोषणा देणं सोपं असतं. या गावानं त्याहून चिकाटीचं काम केलं. त्यांनी अभ्यासगट काढले आणि कायदे वाचले. कायदा! जो वाचताना वकिलालाही दुसऱ्या कलमाला जांभई येते. २००६च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात मोडतो, हे त्यांनी नीट वाचून ठेवलं. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणतं, पण वनखातं १९२७च्या कायद्यावर बोट ठेवून त्याला झाड मानत होतं. आणि झाड म्हटलं की ते सरकारचं. गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क २००९ साली मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि परवान्यांचं बुक ग्रामसभेच्या, म्हणजे गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. पुस्तक प्रकाशनाचे समारंभ मी बरेच पाहिले आहेत. ज्या पुस्तकाचं प्रत्येक पान फाडून वापरायचं असतं आणि प्रत्येक पानामागं गावाला पैसे मिळतात, अशा पुस्तकाचा समारंभ हा एवढाच.

इथले निर्णय सर्वसहमतीनं होतात, मतदान नाही, हे ऐकून मी चाट पडलो. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी कधी धुवायची, यावर भरलेली सभा गणसंख्येअभावी तहकूब होते आणि तीच गणसंख्या नंतर खाली पार्किंगमध्ये उभी राहून भांडते. पारावर बसलेल्या एका काकांना मी विचारलं, “आणि एखादा शेवटपर्यंत नाहीच म्हणाला तर?”

“मंग पुन्हा बसाचं.”

“आणि पुन्हा नाही म्हणाला तर?”

“पुन्हा बसाचं. कंटाळते ना जी मानूस.” मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघून त्यांनी विचारलं, “तुमी का वाचून रायले?”

तोवर मी पिशवीतून रहस्यकथा काढली होती. मुखपृष्ठावर रक्ताळलेली सुरी होती. सांगितलं, “सहज, करमणूक.” काकांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं, किंमत वाचली आणि काही न बोलता परत दिलं. माझ्या वाचनाचं इतकं नेमकं परीक्षण आजवर कुणी केलेलं नाही.

मेंढ्याहून पुढं धानोऱ्याला आलो. धानोरा तालुक्याचं गाव आहे. तहसील, पोलीस ठाणं, दुकानं, आणि पुढं मुरूमगावमार्गे छत्तीसगडकडे निघालेला रस्ता. आजोबा टपरीवर आधीच पोचले होते, दुसऱ्या कपावर होते. आलुबोंडा वर्तमानपत्राच्या तुकड्यावर आला. तुकड्यात एका चोरीची बातमी होती आणि चोर भिंतीवरून उडी मारतो तिथं कागद फाटला होता. उरलेली बातमी मिळावी म्हणून मी दुसरा बोंडा मागवला. त्याच्याखाली कर्क राशीचं भविष्य निघालं: खाण्यावर ताबा ठेवा.

टपरीवर विषय हत्तींचा होता. २०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून एक कळप मुरूमगावच्या बाजूनं याच तालुक्यात उतरला आणि तेव्हापासून या भागात हत्ती हा सततचा विषय झाला. आरक्षण नाही, तिकीट नाही, जिथं धान पिकलं तिथं मुक्काम. ज्याचं कापायला आलेलं धान एका रात्रीत गेलं, त्याला यात गंमत दिसत नाही, आणि दिसू नये. टपरीवाला मात्र म्हणाला, “थेबी फिराले आले, तुमीबी फिराले आले. तुमी पैसे देता, एवढाच फरक.” मी लगेच पैसे दिले.

परतीच्या गाडीत शेजारी शाळेतली एक मुलगी बसली. मी निर्धारानं रहस्यकथा उघडली. खून झाला होता, संशयित पाच होते, आणि रस्ता चांगला होता. “काका, पाहू द्या ना,” म्हणत तिनं पुस्तक घेतलं, सराईतपणे शेवटचं पान काढलं, तीस सेकंदांत वाचलं आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पुतन्यानं मारलं!”

“कोनाले?” मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं.

“काकाले. शेतीसाठी.”

बायकांनी माना डोलावल्या. एकीनं विचारलं की सातबाऱ्यावर नाव कुणाचं होतं. मुलीनं पुन्हा पुस्तकात पाहिलं आणि म्हणाली, लिहिलं नाही. यावर लेखकाला काही समजत नसल्याचं सर्वानुमते ठरलं, मतदान न घेता. पुढून ड्रायव्हर म्हणाला, “मले त खुनाच्या आधीच वाटलं होतं.”