रिस्टोअर पॉइंटमधील कब्जेदारास खुले पत्र

प्रति,
श्री. व्हायरस,
मु. सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, सी ड्राइव्ह,
बार्शीटाकळी, जि. अकोला.

विषय : बेकायदा मुक्काम हलविण्याबाबत.

सिस्टम रिस्टोअर ही सोय मायक्रोसॉफ्टने 2000 साली विंडोज मीमध्ये आणली. पुढच्या वर्षी ती एक्सपीत आली. महत्त्वाच्या फायलींची आणि रजिस्ट्रीची प्रत, म्हणजे रिस्टोअर पॉइंट, वेळोवेळी काढायची आणि बिघाड झाला की त्या तारखेला परत जायचे, हा तिचा हेतू. परीक्षेचा अर्ज किंवा सातबारा घेऊन फिरणाऱ्या पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसचीही तीत इमानेइतबारे प्रत निघते. एनटीएफएस ड्राइव्हवर या प्रती ठेवणारे सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन हे फोल्डर फक्त यंत्रणेसाठी खुले असते. त्यामुळे मालकाला आपल्याच घरात मज्जाव आणि कब्जेदाराला बंदोबस्त, अशी व्यवस्था होते. एक्सपीच्या काळात अँटिव्हायरसला तो दिसे, पण हटविता येत नसे.

सदर कब्जेदार प्रतीत निपचित असतो, हे त्याच्या बाजूने नमूद करणे न्याय्य ठरेल. मात्र कोणी ती तारीख निवडून संगणक मागे नेला, की तोही सन्मानाने परततो.

मुक्काम हलविण्याचा क्रम असा. आधी अँटिव्हायरस अद्ययावत करावा. तो पुण्याच्या काटकर बंधूंनी 1990 च्या दशकात घडविलेला क्विक हील असो वा दुसरा कोणता. नंतर इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये पूर्ण स्कॅन करावा. रिस्टोअर पॉइंट त्याआधी पुसू नयेत : सफाईत विंडोज कोलमडलीच, तर दूषित पॉइंटही कामास येतो. संगणक साफ झाल्यावर एक्सपीत माय कम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमधील सिस्टम रिस्टोअर टॅबवर ही सोय बंद करावी. विंडोज 10 मध्ये सिस्टम प्रोटेक्शन, कॉन्फिगर, डिलीट या वाटेने जावे. चांगले-वाईट सगळे पॉइंट एकदम जातात. या वाटेने निवडून काढण्याची सवलत नाही. शेवटी सोय बंद असेल तर पुन्हा सुरू करून नवा पॉइंट तयार करावा. अनेकजण इथेच विसरतात आणि पुढच्या बिघाडाला परतीची वाट उरत नाही.

एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या 8 एप्रिल 2014 रोजी थांबल्या. तेथे सदर कब्जेदाराच्या पुनरागमनास फारशी हरकत घेतली जाणार नाही, याची मालकाने नोंद घ्यावी.

संगणकमालक, बार्शीटाकळी

प्रत : तालुक्यात फिरणारे सर्व पेन ड्राइव्ह, उघडण्यापूर्वी स्कॅन होण्यासाठी.