जावईबापूंची जाळी

ब्रोकन हिल, न्यू साउथ वेल्स
फेब्रुवारी

ति. आप्पांस व सौ. आईस,


रविवारी फोनवर आप्पा परत परत विचारत होते, "पण दगड आत शिरलाच कसा?" आणि इकडून जावईबापू परत परत सांगत होते, "आप्पा, आत नाही शिरला, समोरून लागला." त्यावर मागून आईचा आवाज आला, "अगं बाई, कुणाला लागला?" तेव्हाच मी ठरवलं, हे प्रकरण फोनवर निभणारं नाही, पत्रच लिहावं. तर आईला आधी सांगा, कुणालाही काही लागलेलं नाही. लागलंय ते गाडीच्या एसीला आणि थोडंसं जावईबापूंच्या अभिमानाला.

आप्पा, तुमची उभी हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली, म्हणून तुम्हाला मुळापासून सांगते. आमचं गाव म्हणजे वाळवंटाच्या कडेला वसलेली खाण. चांदी, शिसं आणि जस्त. रस्त्यांची नावंसुद्धा आर्जेंट, क्लोराइड, सल्फाइड, ऑक्साइड अशी. पत्ता सांगताना दहावीची प्रॅक्टिकल आठवते. गावातले रस्ते गुळगुळीत आहेत. गाव सोडून मोठ्या हमरस्त्यावरून बाजूला वळलं की मात्र लाल मातीचा, खडीचा रस्ता लागतो आणि मैलोन् मैल तोच चालतो.

दिवाळीला इथे थंडी नसते, उन्हाळा तोंडावर आलेला असतो. फराळाचा डबा घेऊन आम्ही मुटाविंजीला निघालो. इथून सुमारे १३० किलोमीटर, ईशान्येला. तिथल्या खडकांवर मूळच्या लोकांनी काढलेली फार जुनी चित्रं आहेत, आणि ते राष्ट्रीय उद्यान १९९८ साली त्यांनाच परत दिलं. चित्रं बघून मी गप्पच झाले होते, पण त्याबद्दल सवडीने लिहीन, कारण आप्पांना आत्ता चित्रांत रस नाही हे मला ठाऊक आहे.

परतीच्या वाटेवर एक गाडी समोरून भरधाव आली. जावईबापूंनी वेग कमी करायचा सोडून काच वर केली. ताडताड असा आवाज झाला, जत्रेत फुटाणे भाजतात तसा. "काच वाचली," म्हणून ते खूश. अर्ध्या तासाने एसीतून पंख्याचा वारा यायला लागला आणि बाहेर ३८ अंश. नातीने विचारलं, "बाबा, एसी थकला का?" चिवडा तेवढा छान कुरकुरीत राहिला.

गॅरेजवाला म्हणजे अगदी तुमच्याच जातकुळीचा माणूस. बोलणं कमी आणि हात सारखे कामात. त्याने बंपरच्या खालच्या फटीतून बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावलं. (जावईबापू आधीच वाकलेले होते, पण त्यांना काही दिसलं नव्हतं.) आत एसीच्या कंडेन्सरच्या बारीक पात्यांवर एक तेलकट डाग होता आणि त्याच्यावर लाल धूळ चिकटून बसली होती. मग त्याने जांभळ्या उजेडाचा दिवा लावला, तशी डागाच्या मधोमध हिरवट ठिणगी चमकली. गॅसबरोबर जे तेल फिरतं त्यात तसा रंग मिसळलेला असतो, म्हणजे गळती कुठून ते सापडतं. भोक मोहरीच्या दाण्याहून लहान. तेवढ्यातून सगळा गॅस गेला. मग दाब उतरल्यावर कॉम्प्रेसर आपणहून बंद पडतो, नाहीतर तोही जळाला असता.

तुम्ही म्हणाल, भोकाला डाग देऊन घ्यायचा. आप्पा, ते दिवस गेले. तुमचे रेडिएटर तांब्या-पितळेचे होते, गळले की उतरवून डाग दिला आणि संध्याकाळच्या फेरीला गाडी सोडली. आताचं सगळं ॲल्युमिनियमचं. कंडेन्सरच्या नळ्या चपट्या, पट्टीसारख्या, आणि एकेका पट्टीत आणखी बारीक बारीक वाटा. उष्णता पटकन सुटावी म्हणून भिंती इतक्या पातळ केल्यात की दगडाला त्या कागदासारख्याच. शिवाय हे कंडेन्सर बसवलेलं असतं सगळ्यात पुढे. त्याच्या मागे रेडिएटर, त्याच्या मागे पंखा. म्हणजे वारा पहिला त्यालाच मिळतो आणि खडीही पहिली त्यालाच. हल्लीच्या गाड्यांना खालच्या बाजूला एवढा मोठा जबडा ठेवतात, दिसायला रुबाबदार, पण आत दात म्हणून काहीच नाही. नवं कंडेन्सर ॲडलेडहून आलं, ५०० किलोमीटरवरून. दगडाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. बिलाचा आकडा रुपयांत करून बघायचा नाही, असा घरात नियम झाला आहे, म्हणून तुम्हालाही कळवत नाही.

आता जाळी.

तुमचे जावई खाणीतलं खनिज दळून चाळतात, हे तुम्हाला माहीत आहेच. चाळणी हा त्यांच्या पोटापाण्याचा विषय. त्यामुळे गॅरेजवाला "एक जाळी लावून टाका" असं साधं वाक्य बोलला आणि आमच्या घरात व्याख्यानमाला सुरू झाली. जाळीचं भोक किती, तार किती जाड आणि त्यातून मोकळी जागा उरते किती. भोक ५ मिलीमीटरचं आणि तार ०.९ मिलीमीटरची घेतली तर सुमारे ७२ टक्के जागा मोकळी राहते. हवा नेमकी त्याच हिशोबाने अडते असं नाही, पण अंदाज बांधता येतो. हे सगळं त्यांनी माझ्या पुरणयंत्राची चकती हातात घेऊन समजावलं. चकती अजून त्यांच्या टेबलावरच आहे.

स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी आणली, काळा रंग दिला आणि बंपरच्या मागून प्लॅस्टिकच्या झिप टायने आवळून बसवली. हे काम मात्र नेटकं झालं, खोटं कशाला बोलू. कंडेन्सरला टेकू न देता चांगलं तीन बोटं अंतर ठेवलं. जाळी टेकलेली असली तर दगड लागल्यावर तीच आत दबून पाती मुडपते. गाडी सुरू केली, तर समोर पिवळा दिवा आणि पाटी : पुढचा सेन्सर बंद. समोर काही आडवं आलं तर गाडी आपोआप ब्रेक लावते ना, तिचा रडार आमच्या गाडीत नेमका खालच्या जाळीमागे. यांनी त्याच्यावरच स्टील ताणलेलं. धातूची जाळी त्याच्या लहरी अडवते, विस्कटते. गाडी बिचारी आंधळी कोशिंबीर खेळत होती. "मॅन्युअल बघितलं होतं का?" असं मी विचारलं नाही. नातीने विचारलं. मग रडारपुढचा चौकोन कापून काढला, कडा दुमडल्या, दिवा विझला.

इथवर ठीक होतं. पण शेजारच्या आजोबांनी टोळांची गोष्ट सांगितली. २०१० च्या वसंतात इकडे, व्हिक्टोरियात आणि साउथ ऑस्ट्रेलियात मोठी टोळधाड आली होती. रस्त्यावरून जाताना टोळ रेडिएटरवर थरावर थर बसायचे, शिजायचे, वारा बंद आणि गाडी उकळायची. वास तर म्हणे आठवडाभर जायचा नाही. इथल्या सरकारांनी टोळांवर नजर ठेवायला १९७४ सालीच स्वतंत्र आयोग नेमलाय. २०२० च्या मे महिन्यात आपल्याकडे अमरावती-नागपूरच्या बाजूला टोळ आले होते, तेव्हा लोक थाळ्या वाजवत शेतात धावले होते. इथे शेतकरी गाडीच्या नाकाला मच्छरदाणीसारखी बारीक जाळी बांधतात. हंगाम सरला की काढून, झटकून शेडमध्ये टांगतात.

हे "काढून" जावईबापूंना ऐकूच आलं नाही. त्यांनी बारीक जाळीसुद्धा कायमची ठोकली. आधीची ७२ टक्के, ही ६८. मी पाटीवर नातीकडून गुणाकार करून घेतला, तर एकूण मोकळी जागा निम्म्याच्या आत. एकदा भर दुपारी दुकानासमोर गाडी सुरू ठेवून मी बसले होते आणि एसी कोमट वारा देऊ लागला. चालत्या गाडीत वाऱ्याचा रेटा असतो म्हणून तोवर कळलं नव्हतं. उभ्या गाडीत सगळी मदार पंख्यावर. आप्पा, तुम्ही खंबाटकीच्या घाटात बॉनेट उघडून म्हणायचात, "इंजिनाला पाण्याआधी वारा पाजा." तेच वाक्य मी इथे ऑक्साइड रस्त्यावर म्हटलं. आता बारीक जाळी हुकांवर आहे, लागेल तेव्हा लावायची आणि घरी आलं की काढायची. तशी ती लावलेली असली की सकाळी चिमण्या येऊन तिच्यावरचे किडे टिपून खातात. आईला हे आवडेल.

कांगारूंबद्दलही तुम्ही विचारलं होतं. तिथे जाळीचा काही उपयोग नाही. त्याला पुढे लोखंडी कठडा लागतो आणि त्याहून जास्त उपयोग होतो तो संध्याकाळच्या आत घरी येण्याचा.

एक गोष्ट मात्र या सगळ्या पसाऱ्यात माझ्या लक्षात आली, ती जावईबापूंच्या देखत लिहीत नाही. दगड समोरून येतो तसे आपणही त्याच्याकडे जात असतो.  समजा दगड १०० ने आला आणि आपणही १००, तर टक्कर २०० ची. आपण ६० वर आलो तर १६०, आणि मार वेगाच्या वर्गाने घटतो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मार तिथेच गेला. त्यामुळे आता समोर धूळ दिसली की मी पाय काढते, डावीकडे घेते आणि ट्रकची मालगाडी असेल तर चक्क थांबते. इथल्या या मालगाड्या ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात, आपल्या चार लाल एसट्या एकामागे एक लावल्या तरी पुऱ्या पडणार नाहीत. थांबल्याबद्दल तो ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. मीही उचलते. तुमचे लोक घाटात एकमेकांना हात दाखवायचे, त्याचीच ही काटकसरी आवृत्ती.

कंडेन्सरची पाती थोडी वाकली आहेत ती सरळ करायला इथे प्लॅस्टिकची फणी मिळते. पण तुम्ही जी पत्र्याची पट्टी घासून केली होती ती कशी धरायची ते चित्र काढून पाठवा. जावईबापू प्रेशरच्या पाण्याने धुवायला निघाले होते. पाती आडवी होतील म्हणून मी नळ बंद केला. साध्या पाण्याने, आतून बाहेर, बरोबर ना?

मे महिन्यात या, हवा छान असते. येताना कंदी पेढे आणू नका, दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात आणि आईचा जीव तळमळेल. पुरणयंत्राची एक जादा चकती मात्र आणा. एप्रिलच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे होतील. सध्या आपल्यात ५ तासांचा फरक आहे, मग ४ चा होईल, तेव्हा रात्री आठला फोन केलात तर आमचे बारा वाजलेले असतील हे ध्यानात ठेवा.

तुमची लेक

ता. क. : आप्पांनी मागितला तो फोटो सोबत ठेवला आहे. जाळीच्या मागे दिसतं ते कंडेन्सर. जाळीच्या पुढे झोपलेले दिसतात ते जावई.