टेबलनिर्णयसिंधू

कमलाकर भट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधू’ रचला आणि तिथी दोन दिवसांवर पसरली तर व्रत पहिल्या दिवशी धरावे की दुसऱ्या, याचा निकाल लावला. पुढे पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली ‘धर्मसिंधू’त तेच सुटसुटीत केले. मात्र एसक्यूएलची क्वेरी अटीनुसार या टेबलावर चालवावी की त्या, याविषयी दोन्ही ग्रंथ मौन पाळतात. शास्त्रातली ही पोकळी उघडी ठेवणे बरे नव्हे.

दृष्टान्तासाठी धाराशिव जिल्ह्याइतकी सुपीक भूमी नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये या, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा निघाला. समजा, कोणा उत्साही माणसाने जिल्हावार दोन टेबले करून ठेवली आहेत. औशाची १९७५ सालची ज्वारी ‘उस्मानाबाद’मध्ये शोधायची, १९९० सालची ‘लातूर’मध्ये. नवशिका ‘फ्रॉम’ लिहितो आणि पुढे बिनदिक्कत ‘केस व्हेन’ लावून साल तपासू लागतो. डेटाबेस तिथेच चूक दाखवून मोकळा होतो.

पूर्वपक्ष म्हणतो: ‘केस’ला ‘सिलेक्ट’मध्ये मज्जाव नाही, ‘व्हेअर’मध्ये नाही, ‘ऑर्डर बाय’मध्येही नाही, मग ‘फ्रॉम’नेच असे काय सोवळे नेसले आहे? उत्तर असे. ‘केस’मधून निघते ते मूल्य: आकडा, तारीख, अक्षरे. टेबल निघत नाही. शिवाय ‘सिलेक्ट’ आधी लिहिला तरी अर्थ लावताना पहिला मान ‘फ्रॉम’चा. कोणते रकाने, कोणते इंडेक्स, कोणाला परवानगी, हे कळल्याशिवाय डेटाबेसला बेतच आखता येत नाही. धाराशिवच्या स्टँडवर एसटीत बसून ‘आधी गाडी सोडा, तुळजापूर की परांडा ते मग सांगतो’ म्हणणाऱ्याला कंडक्टर जे ऐकवील, तेच इथे ऐकावे लागते.

यावर आचार्यांचे तीन संप्रदाय आहेत. पहिला ‘इफ-एल्स’वाद्यांचा. प्रोसीजर लिहा, साल तपासा, दोन पूर्ण क्वेऱ्यांपैकी एक चालवा. मत नीरस आहे, पण खोटे नाही.

दुसरा ‘युनियन ऑल’वाद्यांचा. दोन्ही टेबलांवर क्वेरी लिहायची आणि प्रत्येकीला अशी अट घालायची की एका वेळी एकच खरी ठरावी. खोटी ठरलेली बाजू शून्य ओळी देते. चांगला डेटाबेस त्या टेबलाला हातही लावत नाही. दोन्हीकडचे रकाने मात्र संख्येने आणि जातीने जुळले पाहिजेत. इथे ‘ऑल’ गाळणारे पंडित भेटतात, त्यांच्यासाठी उस्मानाबादी शेळीचे प्रमाण पुरे. ही शेळी जुळ्यांसाठी प्रसिद्ध. आई तीच, तारीख तीच, रंग काळाच; नोंदीला क्रमांक दिला नसेल तर दोन करडांच्या दोन ओळी तंतोतंत सारख्या. नुसते ‘युनियन’ त्यातले एक करडू गिळते, आणि संशय बिचाऱ्या लांडग्यावर जातो.

तिसरा संप्रदाय तांत्रिकांचा. टेबलाचे नाव अक्षरे जोडून तयार करतात आणि त्या मजकुराची क्वेरी करून चालवतात. सिद्धी लवकर मिळते. पण नाव बाहेरच्या माणसाने टंकलेले असेल, तर त्यात तो सगळे टेबल पुसण्याचा मंत्रही घालू शकतो. मूल्य पॅरामीटरने सुरक्षित देता येते, टेबलाचे नाव तसे देता येत नाही. म्हणून मान्य नावांची यादी आधी करावी, यादीबाहेरचे नाव दारातूनच परत पाठवावे.

आता सिद्धान्त. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. तरी २०२४ ची लोकसभा निवडणूक ‘उस्मानाबाद’ मतदारसंघातच झाली, शेळीने नाव बदलले नाही, आणि गाड्यांवरचे एमएच-२५ जिथल्या तिथे राहिले. नाव प्रसंगानुसार बदलते, क्रमांक टिकतो. टेबल एकच ठेवावे. जिल्ह्याचा क्रमांक आणि साल हे त्यातले रकाने असावेत, आणि निवड ‘व्हेअर’ने करावी. कोणत्या टेबलाकडे जावे हा प्रश्न बहुतेक वेळा दोन टेबले करणाऱ्याने निर्माण केलेला असतो.

तेव्हा वाचकांपैकी कोणी ‘धाराशिव’ नावाचे तिसरे टेबल करायला बसले असतील, तर त्यांनी कृपया उठावे.