कोच पाहिजे, शक्यतो गोरा

सौदी अरेबियातल्या दहरानच्या अराम्को वसाहतीत अमेरिकनांनी तेल उपसता उपसता बेसबॉलही रुजवला. तिथले लिटल लीगचे, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलचे, संघ थेट विल्यम्सपोर्टच्या विश्वमालिकेत अनेकदा खेळून आले. त्यामुळे शेजारच्या अल-खोबरात एखाद्या मराठी मुलीनं बेसबॉलच्या बहिणीची, सॉफ्टबॉलची, बॅट हातात घेतली की बाबांना लगेच फलंदाजीचा कोच हवा असतो. मग तो स्थळ शोधावं तसा शोधला जातो.

पहिली चौकशी फीची. आकडा रियालमध्ये ऐकायचा, मनात रुपये करायचे आणि दचकायचं. दुसरी इकाम्याची, म्हणजे निवास परवान्याची: मोसमाच्या मध्यातच याला फायनल एक्झिट लागून कायमचं देशाबाहेर जावं लागलं, तर आगाऊ भरलेल्या पैशांचं काय? (हा प्रश्न मात्र रास्त आहे.) तिसरी चौकशी तोंडानं होत नाही, डोळ्यांनी होते. कोच गोरा अमेरिकन असला की पसंत. त्यानं आयुष्यभर फक्त पाइपलाइनचे व्हॉल्व्ह तपासले असले तरी चालतं. फिलिपिनो असला की "बघू, कळवतो." आग्नेय आशियाई स्पर्धांत सॉफ्टबॉलचं सुवर्ण फिलिपिन्सच्या मुली पुन्हा पुन्हा नेतात, हे बाबांच्या कानावर गेलेलं नसतं. आपल्याला पगार पासपोर्ट बघून देतात, अशी तक्रार मात्र हेच बाबा दर शुक्रवारी करतात.

कोच ठरला तरी बाबा निवृत्त होत नाहीत. त्यांनी गल्लीत टेनिस बॉलवर क्रिकेट गाजवलेलं असतं. ते जाळीबाहेरून ओरडतात, "बॅट सरळ धर!" आता सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टप्पा घेत नाही आणि बॅट आडवी फिरते, पण बाबांना कोण सांगणार? महिलांच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून चेंडू सोडते. ताशी शंभर किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत अंगावर येतो. तेवढ्यात मुलीनं कोचचं "कंबर फिरव", बाबांचं "कोपर वर" आणि गाडीतून आईचं "पाणी पी" ऐकायचं. तिघांपैकी शास्त्राला धरून असतो तो आईचा सल्ला. इथलं ऊनच असं, की १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला सरकारचीच बंदी आहे.

इथल्या सरकारी शाळांत मुलींना खेळाच्या तासाची परवानगी मिळाली २०१७ साली. आपली लेक खेळतेय, याचं अप्रूप वाटायला हवं. बाबा विचारतात, "दहावीला क्रीडागुण मिळतील ना?" शाळा सीबीएसईची, आशा महाराष्ट्र बोर्डाची.

तर बाबांनो, फी ठरवण्याआधी एक तास नुसता बघा. चांगला कोच आधी चेंडू टीवर, म्हणजे उभ्या दांडीवर, ठेवतो, मुलीला दहा-वीस फटके मारू देतो, गप्प राहून बघतो आणि मग एकच गोष्ट सांगतो. तो किती बोलला आणि मुलीनं किती चेंडू मारले, तेवढं मोजा. पासपोर्ट विचारू नका. आणि मोजताना काच वर करून गाडीतच बसा.