गाइडचं बोट

‘द्वारकेला भेटू’ असं म्हणणारा माणूस नाशिकचा नसतो, नाहीतर त्याला भेटायचंच नसतं. मुंबई-आग्रा महामार्ग, पुण्याचा रस्ता आणि सारडा सर्कलकडून येणारा गावातला रस्ता इथे एकमेकांच्या अंगावर येतात, आणि डोक्यावरचा उड्डाणपूल आपला काही संबंध नसल्यासारखा निघून जातो. सहलवाल्यांनी ‘सकाळी साडेसहा, द्वारका’ एवढंच कळवलं होतं. साडेसहाला आम्ही सतरा जण द्वारकेला हजर होतो आणि सतराही जण फोनवर खरंच बोलत होतो. फक्त प्रत्येकाची द्वारका वेगळ्या कोपऱ्यावर होती, आणि गाडी पलीकडच्या. काठे गल्लीतल्या आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या गाडीत बसायला मला आणि आत्याला चाळीस मिनिटं लागली.

‘निसर्ग, वन्यजीव आणि ऐतिहासिक स्थळे, एका दिवसात, गाइडसह, जेवण धरून’ अशी सहल होती. आत्याने पैसे भरले ते ‘गाइडसह’ या शब्दावर. एरवी आम्ही फिरायला गेलो की माहिती मी सांगतो, आणि घरी आल्यावर ती चुकीची निघते.

घोटीला महामार्ग सोडून गाडी डावीकडे वळली आणि पाऊस सुरू झाला. खाचरांत आवणी चालली होती. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी घेतलेल्या बायका ओणव्या होऊन भात लावत होत्या, आणि आमच्या गाडीतले लोक काचा पुसून पुसून त्यांचे फोटो काढत होते. बारी गावात गाइड चढला. विशीतला पोरगा, पायात प्लॅस्टिकचे बूट, आवाज खणखणीत. चढल्या चढल्या त्याने उजवा हात लांब केला, आणि दिवसभर तो हात फारसा खाली आला नाही.

“ही समोर कळसूबाई. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. १६४६ मीटर. वर देवीचं मंदिर, चढायला लोखंडी शिड्या.”

समोर धुकं होतं. नुसतं विरळ वगैरे नाही, चांगलं पिठल्यासारखं दाट.

“कुठं?” मी विचारलं.

“आत्ता दिसत नाही, पण आहे.”

आत्याने खिडकीतून मनोभावे हात जोडले. तेवढ्यात धुकं क्षणभर फाटलं आणि ती एका मोबाइल टॉवरसमोर डोळे मिटून बसल्याचं दिसलं. पोरगा अजिबात गडबडला नाही. “मावशी, हात तसेच ठेवा. फक्त जरा डावीकडं वळा.”

शेंडीला पोचलो. विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली संपलं, ही माहिती आम्हाला संपूर्ण मिळाली. धरण निम्मं मिळालं. भिंतीचा वरचा भाग ढगात होता. जलाशय तर पूर्णच गेला होता. रतनवाडीत मात्र अमृतेश्वराने लाज राखली. काळ्या दगडाचं ते कोरीव देऊळ धुक्यात उलट जास्तच खरं वाटत होतं. पुष्करणीच्या कोनाड्यांतले विष्णू पावसात भिजत होते. हाताच्या अंतरावर दिसणारं ते दिवसातलं पहिलं स्थळ, त्यामुळे लोकांनी त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढले.

मग अभयारण्य. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. इथे बिबट्या आहे, असं गाइडने दबक्या आवाजात सांगितलं आणि आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. आता नाशिककरांना बिबट्याचं अप्रूप ते काय सांगायचं? दारणाकाठच्या उसात त्यांचे संसार असतात. २०१९च्या जानेवारीत तर एक बिबट्या सावरकरनगरात भरवस्तीत आला होता. आत्या म्हणाली, “म्हणजे तो आपल्याकडे आलाय आणि आपण त्याच्याकडे. चुकामूक झाली.” द्वारकेला भेटायचं ठरलं असणार.

आम्हाला दिसलेला वन्यजीव म्हणजे एक माकड. खरं म्हणजे त्यानेच आम्हाला पाहिलं. पुढच्या सीटवरच्या काकांच्या हातात वेफर्सची पिशवी होती आणि आत्याच्या मांडीवर दशम्यांचा डबा. माकडाने वेफर्सकडे ढुंकूनही पाहिलं नाही. झाकण उघडलं, वरची दशमी हुंगली, बाजूला ठेवली, खालून दोन काढल्या आणि गेलं. वरची जराशी करपली होती. आत्या माकडावर रागावली नाही. “कळतं त्याला,” म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. मी आजवर करपलेल्या मुकाट्याने खात आलो आहे.

घाटघरला कोकणकडा. कठड्याच्या पलीकडे पांढरा पडदा, आणि खालून वर उडणारा पाऊस. इथे पोरगा खरा रंगात आला. “इकडं अलंग, मदन, कुलंग. तिकडं रतनगड, त्याच्या माथ्यावर नेढं. आणि हे खाली सगळं कोकण!” बोट इतक्या ठामपणे फिरत होतं, की सतरा माना त्याच्यामागे फिरत होत्या. कुणीतरी ‘वा!’ म्हणालं. कशाला, ते त्यालाच ठाऊक. मग त्याने घाटघरचा २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प समजावला: विजेची मागणी कमी असते तेव्हा, म्हणजे रात्री, खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची.

“आमच्या सोसायटीतही रात्री पाणी वर चढवतात,” आत्या म्हणाली, “पण तेव्हा वीज जाते.”

रंधा धबधब्यापर्यंत आमच्यातली चिकित्सा संपली होती. प्रवरा दरीत कोसळत असल्याचा आवाज येत होता, पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटत होती, तोंडावर तुषार बसत होते. दिसत काहीच नव्हतं. आम्ही गरम कांदाभजी खात त्या आवाजाकडे बराच वेळ बघत राहिलो. पोरगा पहिल्यांदाच गप्प होता, आणि त्याचा हात खिशात होता.

परतीच्या वाटेवर तो बारीला उतरला. घोटीच्या पुढे आत्याचे फोन सुरू झाले. कळसूबाईची शिडी कशी उन्हात चमकत होती, नेढ्यातून पलीकडचं आभाळ कसं आरपार दिसत होतं, कोकणातली घरं कशी काड्यापेट्यांएवढी! मी एकदा तोंड उघडलं, तर तिने हाताने गप्प केलं. तिसऱ्या फोनला तिने तो माझ्याकडे दिला. मी अलंग, मदन आणि कुलंग यांचं वर्णन केलं. चांगलं जमलं.

रात्री साडेनऊला द्वारका. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डाव्या अंगाला उसाचा ट्रॉलीवाला आणि उजव्या अंगाला आडवी घुसलेली रिक्षा. गाडी वीस मिनिटं जागची हलली नाही. पुण्याहून आलेल्या एका सहप्रवासिनीने आत्याला विचारलं, “तुमचं घर इथंच कुठं ना?”

आत्याने उजवा हात लांब केला आणि कंटेनरच्या मागच्या दारावर बोट रोखलं.