उकल्या

क्रिप्टिक शब्दकोडे सोडवणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. पहिली उत्तर भरते आणि पुढे जाते. तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. दुसरी उत्तर भरते आणि शेजारच्याकडे वळते. हाच उकल्या. उत्तर सापडले एवढ्यावर त्याचे भागत नाही. ते कसे सापडले हे कोणाच्या तरी गळी उतरवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

क्रिप्टिक क्लूच्या एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ असतो, उरलेल्या भागात त्याची घडण, आणि सांधा दिसू नये म्हणून दोन्हींवर एक साळसूद वाक्य पांघरलेले असते. मराठी दैनिकांतली कोडी बहुधा सरळमार्गी असल्यामुळे उकल्याचा पिंड इंग्रजी कोड्यांवर पोसलेला असतो. पण गरज पडली तर तो मराठी क्लूही जागच्या जागी पाडतो. पंगतीत कोणी मीठ मागावे, की हा म्हणतो, ‘काल वणवणताना आत सापडले मीठ. तीन अक्षरे.’

‘कोण वणवणत होतं?’ समोरचा विचारतो.

‘कोणीच नाही! मीठ हा अर्थ. आत सापडले, म्हणजे शब्द लपलाय. आता कालमधला ल घ्या, पुढचे व आणि ण घ्या.’

‘लवण,’ समोरचा म्हणतो. मीठ अजून उकल्याच्याच ताटापाशी असते.

श्रोता हुशार निघाला तर मात्र पंचाईत. ‘उलटलेला वडा म्हणजे पेच, दोन अक्षरे’ असे विचारताच त्याने ‘डाव’ म्हटले, की उकल्याचा चेहरा पडतो. क्षणभरच. ‘बरोबर,’ तो सावरून म्हणतो, ‘पण का?’ आणि समजावणे ठरल्याप्रमाणे पार पडते.

या व्यासंगाचा भाषेवर परिणाम होतो. इंग्रजी कोड्यांत ‘फ्लॉवर’ म्हणजे जी ‘फ्लो’ होते ती, म्हणजे नदी. ‘वर्कर’ म्हणजे मुंगी. आणि ‘ड्रंक’ शब्द दिसला की शेजारची अक्षरे ढवळायची. असा मनुष्य बायकोने भाजी आणायला पाठवल्यावर फ्लॉवरच्या ढिगापुढे थबकतो, यात नवल नाही. नवल बायकोच्या सहनशीलतेचे.

इतिहास त्याला तोंडपाठ असतो. आर्थर विन याने 1913च्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले कोडे छापले, पण त्याला वाकडे वळण लावले ते इंग्रजांनी. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये 1926पासून एडवर्ड पॉइस मॅथर्स ‘टॉर्केमादा’ या नावाने कोडी रचू लागला. टॉर्केमादा हा स्पेनमधल्या धर्मन्यायालयाचा मुख्य छळाधिकारी. सोडवणाऱ्यांशी असलेले आपले नाते मॅथर्सने निदान लपवून तरी ठेवले नाही. त्याच्यामागून आलेल्या मॅकनटने ‘झिमेनीझ’ हे दुसऱ्या तशाच अधिकाऱ्याचे नाव घेतले, आणि 1966मध्ये पुस्तक लिहून या छळाला कायदा घालून दिला: सोडवणाऱ्याला चकवावे, पण न्यायाने, क्लूमधला एकही शब्द फुकटचा नसावा. हा कायदा उकल्या कसोशीने पाळायला लावतो, विशेषतः उत्तर न आलेल्या क्लूंना. तेवढेच ‘अनफेअर’ असतात.

1942 साल त्याच्या बोलण्यात आठवड्यातून एकदा तरी येते. त्या वर्षी ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली, आणि भाग घेणाऱ्यांपैकी काहींना ब्लेचली पार्कात जर्मनांचे गुप्त संदेश फोडण्याच्या कामावर बोलावण्यात आले. उकल्याला अद्याप कोणत्याही खात्याने बोलावलेले नाही. हाही देशाचा दोष. देशाने त्याच्यासाठी एवढेच केले आहे की ‘द हिंदू’ भारतीय रचनाकारांची क्रिप्टिक कोडी छापतो. त्यामुळे उकल्याला विलायतेतल्या क्रिकेटच्या संज्ञांखेरीज सांबार आणि साडीवरही झगडता येते.

त्याची खरी कसोटी लागते ती उत्तर बसते पण उकलत नाही तेव्हा. सगळी घरे भरलेली, आडवे-उभे जुळलेले, आणि एका क्लूमधल्या एका शब्दाचा हिशोब लागत नाही. दुसऱ्या दिवशीच्या अंकात नुसते उत्तर येते, म्हणजे त्याला आधीच ठाऊक असलेले. मग नाइलाजाने तो दुसऱ्या उकल्याला फोन लावतो. पलीकडचा तो एक शब्द समजावतो, आणि लगेच न विचारलेले आणखी चार क्लू समजावू लागतो. अलीकडचा ते सोडवून बसलेला असतो, म्हणून तोही समजावतो. फोन तासभर चालतो.