क्वार्टर सुटलं, ग्रुप सुटेना

वालचंदनगरात कंपनीचं क्वार्टर मिळायला नंबर लागावा लागायचा, आणि निवृत्त झालं की ते खाली करावंच लागायचं. तिथे कुणाचा वशिला चालत नसे. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं सगळं उलटं. आत यायला काही लागत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचे काका विचारतात, "तू मशीन शॉपवाल्यांचा धाकटा ना? नंबर सांग." पानातली जिलेबी संपायच्या आत आपण सभासद!

आपल्याला ग्रुपात कुणी घ्यायचं हे ठरवायची सोय २०१९ पासून आहे. ती मी लावून ठेवली होती. मग ॲडमिनला नुसतं आमंत्रण पाठवता येतं आणि तीन दिवसांत ते बाद होतं. आमचे ॲडमिन अण्णा तीन दिवस थांबले. चौथ्या दिवशी त्यांनी थेट आईला फोन लावला, "पोराचं बरं आहे ना? बोलावलं तर येत नाही." संध्याकाळी मी ग्रुपात होतो.

तिथे पहाटे पाचपासून सुप्रभात सुरू होतं. न्यू जर्सीतून एकजण नेमाने विचारतो, "डाव्या कालव्याला पाणी सुटलं का?" त्याची इथे गुंठाभर जमीन नाही. पूर्वी एका ग्रुपात २५६ माणसंच मावत, म्हणून 'भाग २' काढला होता. पुढे मर्यादा १०२४ झाली, तरी भाग २ चालूच. दोन्हीकडे असलेल्यांनी नेमकं कुठून निघायचं, यावर अजून एकमत व्हायचंय. तोवर प्रत्येक वाढदिवसाला दोन-दोन केक.

निघायचं म्हटलं तर? शेठ वालचंद हिराचंदांनी जहाजांचा, विमानांचा आणि मोटारींचा, असे तिन्ही कारखाने काढून दाखवले. त्यांच्या नावाच्या गावातल्या माणसाला साध्या ग्रुपातून पाय काढता येत नाही. २०२२ पासून म्हणे गुपचूप निघता येतं, फक्त ॲडमिनला कळतं. पण अण्णांना कळणं म्हणजे कारखान्याचा भोंगा वाजणं. शिवाय गेल्या ६० दिवसांत कोण कोण गेलं, ती यादी ग्रुपातल्या कुणालाही उघडून बघता येते. माझा एक मावसभाऊ असाच गुपचूप निघाला. रात्रीपर्यंत त्याच्या सासुरवाडीला विचारणा झाली, "जावईबापूंचं काय बिनसलं?"

त्यामुळे शहाणी माणसं म्यूट करतात. त्यात आठ तास, एक आठवडा आणि कायम असे पर्याय येतात. आठ तास म्हणजे एक पाळी, त्याने काही होत नाही. आठवड्यात दोन बारशी आणि एक सत्यनारायण उरकतो. 'कायम'ला पर्याय नाही.

पण १४ जुलै २०२३ ला दुपारी कायम म्यूटवाल्यांनीही ग्रुप उघडला. चांद्रयान-३ उडालं होतं आणि त्या रॉकेटच्या एस-२०० बूस्टरचे भाग आपल्या वालचंदनगरात झालेले. कधी एक अक्षर टाइप न केलेल्या एका निवृत्त आप्पांनी व्हॉइस नोट टाकली. आधी बराच वेळ पंख्याचा आवाज, मग खाकरणं, मग, "दोन्ही बाजूची नळकांडी आपली. मधलं सोडा." त्याखाली अंगठे, हात जोडलेले, तिरंगे. बोट दुखेपर्यंत सरकवावं लागलं. आणि नेमकं त्याच्या मधोमध कुणीतरी हळदीच्या दुधाचे फायदे पाठवले होते.

तेव्हा नव्याने आलेल्यांनो, म्यूट करा, निघू नका. निघायचंच असेल तर आधी अण्णांना फोन करा. ते शांतपणे ऐकून घेतील, रविवारी जेवायला बोलावतील आणि फोन ठेवायच्या आत शाळेच्या ग्रुपात ॲड करतील.